ळ शोधत मुंबई: नव्याने आलेल्या डिझायनरसाठी

गेल्या जूनमध्ये आमच्या स्टुडिओत साताऱ्याहून एक मुलगी रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "दादा, इन्स्पिरेशनसाठी इथे कुठे कुठे जायचं?" मी मोठ्या थाटात दहा-बारा ठिकाणं सांगितली. तिने ती फोनमध्ये टिपून घेतली. दिवाळीला सहज विचारलं तर ती त्यातल्या एकाही ठिकाणी गेली नव्हती. कशी जाणार? आठवड्याचे सहा दिवस काम, रोज तीन तास गाडीत, आणि रविवारी धुणं, रेशन, आईचा फोन. मीही इचलकरंजीहून आलो तेव्हा पहिलं वर्ष असंच घालवलं होतं, फक्त ते विसरलो होतो.

म्हणून ही यादी नव्याने करतो आहे. यात वेगळा वेळ काढावा लागेल अशा गोष्टी कमी आहेत, वाटेत भेटतील अशा जास्त. मी राहतो डोंबिवलीला, काम करतो दादरला, त्यामुळे उदाहरणं मध्य रेल्वेची आहेत. पश्चिमवाल्यांनी नि हार्बरवाल्यांनी स्टेशनं आपापली बदलून घ्यावीत.

सामान

खिशात मावेल अशी बिनरेघांची वही, एक मऊ पेन्सिल, एक काळं पेन आणि सहा इंची पट्टी. बस्स. पट्टी कशाला ते पुढे येईल. पावसाळ्यात वही झिपच्या पिशवीत ठेवा, नाहीतर जुलैत तिचा पापड होतो.

महागडी परदेशी स्केचबुकं घेऊ नका. तीनशे रुपयांच्या वहीत वाकडी रेघ मारायला हात धजत नाही. अब्दुल रेहमान स्ट्रीटला स्टेशनरीचा घाऊक बाजार आहे, तिथून स्वस्तातल्या वह्या एकदम सहा आणा आणि त्या खराब करा.

फोन असतोच, पण फोटो कमी काढा. माझ्या फोनमध्ये पाट्यांचे चार हजार फोटो आहेत आणि त्यातला एकही मी पुन्हा उघडलेला नाही. वहीत काढलेल्या तीसेक पाट्या मात्र आजही डोळे मिटून काढता येतील.

पायरी १: एका वेळी एकच प्रश्न घ्या

या शहरात बघण्यासारखं इतकं आहे की सगळं बघायला निघालात तर काहीच दिसत नाही. दोन महिने एकच गोष्ट धरा. कुणी इमारतींचे कोपरे धरतं, कुणी फेरीवाले भाव कशावर नि कसा लिहितात ते बघतं. आमच्या साताऱ्याच्या मुलीने निळी ताडपत्री धरली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईच्या छपरांवर तोच एक निळा असतो, आणि तिने त्याच्या बारा छटा काढून दाखवल्या: नवी, एक पावसाळा खाल्लेली, दोन पावसाळे खाल्लेली, गंजलेल्या पत्र्यालगतची, अशा.

मी ळ धरला.

कारण ळ हा आपला आहे. हिंदीला तो रोजच्या वापरात लागत नाही, म्हणून पुष्कळ फाँटमध्ये तो सगळ्यात शेवटी, घाईत काढल्यासारखा वाटतो. कुठे शिरोरेषेला लोंबकळतो, कुठे शेजारच्या अक्षरांपेक्षा बारीक पडतो, कुठे त्याची दोन पोटं एकाच मापाची करून टाकतात आणि मग तो आडव्या पडलेल्या इंग्रजी आठासारखा दिसतो. मराठीत मजकूर लावायचा तर ळ टाळता येत नाही. मिसळ, भेळ, नारळ, चाळ, शाळा, टिळक, काळबादेवी. आपल्या खाण्याच्या गाड्यांवर तर ळ नसेल अशी पाटी शोधावी लागते.

आणि पाट्यांना तोटा नाही. २०२२ साली कायद्यात बदल झाला आणि लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना पाटी देवनागरी लिपीत मराठीत लावणं बंधनकारक झालं. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, हेही त्यातच आलं. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मग जी घाई झाली तिचे पुरावे अजून भिंतींवर आहेत. इंग्रजी नाव नीट बसवलेलं, अक्षरा-अक्षरातलं अंतर मोजलेलं, आणि त्याखाली मराठी नाव कॉम्प्युटरमध्ये जो फाँट पहिला हाताला लागला त्यात, वर उंची भरून काढायला उभं ताणलेलं. ताणलं की शिरोरेषा जाड होते आणि उभे दंड बारीकच राहतात. एकदा हे डोळ्यात बसलं की सगळीकडे तेच दिसतं, आणि त्याचा त्रास होतो. होऊ द्या. त्या त्रासावरच आपलं पोट आहे.

बघताना ळच्या सोबत ल आणि श हेही बघा. मराठी वळणाचा ल पाकळीचा असतो, हिंदीकडचा दंडाचा. मराठी श देठाचा, तिकडचा गाठीचा. एकाच पाटीत 'शाळा' मराठी वळणाची आणि 'लाल' हिंदी वळणाचं असं पुष्कळदा सापडतं. त्यावरून पाटी बनवणाऱ्याने किती फाँट बदलले तेही कळतं.

पायरी २: लोकलला वर्ग समजा

सेकंड क्लासचा मासिक पास असेल तर मधल्या कुठल्याही स्टेशनावर उतरून पुन्हा चढता येतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. हे मला आठ महिन्यांनी कळलं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी एक अनोळखी स्टेशन घ्या, वीस मिनिटं बाहेर फिरा, पुढची गाडी पकडा. घरी अर्धा तास उशीर होतो, बाकी काही बिघडत नाही.

माझ्या वाटेवर, डोंबिवली ते दादर, ळ असलेली स्टेशनं दोनच: कळवा आणि विक्रोळी. फास्ट गाडीने ती निसटतात, त्यामुळे ळ बघायचा तर स्लो पकडावी लागते. (पश्चिमेला तर चर्चगेटपासून विरारपर्यंत माझ्या मोजणीत एकच ळ निघाला, लोअर परळचा.) विक्रोळीत फलाटावरच्या पिवळ्या पाटीसमोर उभे राहा. मराठीत विक्रोळी, हिंदीत विक्रोली. एकच रंगारी, एकच ब्रश, एकच उंची, आणि ळ नि ल शेजारी-शेजारी. कुठल्याही वर्गात इतकं सोपं उदाहरण कुणी फळ्यावर काढून देणार नाही.

इंडिकेटरही वाचायला शिका, आणि फक्त गाडी पकडायला नव्हे. कर्जत गाडीला 'एस' आणि कसारा गाडीला 'एन' का? कर्जतच्या नावात एस नाही, कसाऱ्याच्या नावात एन नाही. कल्याणला मार्ग फुटतो, एक फाटा आग्नेयेला कर्जतकडे जातो, दुसरा ईशान्येला कसाऱ्याकडे. दोन्ही नावं इंग्रजीत 'के'पासून सुरू होतात आणि 'के' तर कल्याणने आधीच घेतलेला. मग साउथचा एस आणि नॉर्थचा एन. गाव सोडून दिशा घेतली, आणि लाखो माणसं रोज धावतपळत ते एक अक्षर बघून जिना उतरायचा की नाही ते ठरवतात. आपण क्लायंटला चार आयकॉन समजावून सांगताना घाम गाळतो.

पहिल्या वर्गाच्या डब्यावर पिवळे-तांबडे तिरके पट्टे असतात. गाडी फलाटात शिरत असताना, अजून पळत असताना, ते ओळखू येतात. अक्षरं तेव्हा वाचता येत नाहीत, तिरके पट्टे दिसतात. एकदा पेन्सिलीने हा पट्टा आडवा करून, मग उभा करून काढून बघा आणि वही हलवत त्याच्याकडे बघा.

बेस्टच्या बसचा समोरचा नंबर मराठी आकड्यांत असतो. अमराठी मित्राला ५ आणि ६ मधला फरक शिकवायचा असेल तर स्टॉपवर उभं करा, बस चुकली की आपोआप शिकतो.

एक सूचना: स्टेशनात मोठा कॅमेरा काढू नका, परवानगीचा प्रश्न येतो. वहीत चित्र काढणाऱ्याला कुणी हटकत नाही. फार तर मागून वाकून बघतात आणि "हे कळव्याचं ना?" म्हणून विचारतात.

पायरी ३: दादरचा फुलबाजार, एकदा तरी पहाटे

यासाठी मात्र झोप मोडावी लागेल. दादर स्टेशनच्या पश्चिमेला, पुलाखाली. साडेपाचला पोहोचलात तर खरं, आठनंतर नुसती गर्दी उरते.

रंगांचं पुस्तक उघडावं तसा हा बाजार आहे, फक्त इथे प्रत्येक रंगाला वजन आणि भाव आहे. झेंडूचे ढीग बघा. लांबून एकच केशरी वाटतो. जवळ गेलात की दोन ढीग वेगळे होतात: एक पिवळ्याकडे झुकलेला, दुसरा तांबड्याकडे. विकणारे ते कधी एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारी अस्टरची जांभळी करंडी ठेवली की पिवळा झेंडू पेटल्यासारखा दिसतो. पांढऱ्या शेवंतीशेजारी तोच झेंडू मवाळ होतो. मी एका मावशींना विचारलं, जांभळं मुद्दाम इथे ठेवता का? त्या म्हणाल्या, "इथं ठेवलं की पिवळं लवकर उठतं." उठतं म्हणजे खपतं. कॉन्ट्रास्ट नावाचा धडा मी कॉलेजात दोन वेळा गिरवला होता, पण खपाशी जोडून तो कुणी सांगितला नव्हता.

आता प्रयोग. झेंडूची एक पाकळी वहीत ठेवा, तिच्या शेजारी तिचा रंग जमेल तसा लावा. दुपारी ऑफिसात स्क्रीनवर तोच केशरी जुळवा. जुळेल, झळकेलही. मग ऑफिसच्या प्रिंटरवर काढा. मळकट येईल. चार रंगांच्या छपाईत किरमिजी आणि पिवळा मिळून केशरी होतो, आणि तो झेंडूइतका चमकदार होऊच शकत नाही. तसा हवा असेल तर प्रेसला वेगळी शाई लावायला सांगावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. गणेशोत्सव मंडळाचं काम घेतलंत, आणि ते येणारच, तर 'स्क्रीनवर असा दिसत होता' या वाक्यावरून भांडण ठरलेलं आहे. ती पाकळी खिशात ठेवा.

मालडब्यात चढून फुलांच्या करंड्यांसोबत घरी जायचा मोह होईल. तो डबा सामानवाल्यांचा आहे, त्यांना जागा राहू द्या.

परतताना शिवाजी मंदिराच्या बाहेर नाटकांचे बोर्ड बघा. मराठी नाटकांची नावं रेखाटण्यात कमल शेडग्यांनी आयुष्य घातलं. ते २०२०मध्ये गेले. नाव वाचायच्या आधीच नाटक हसवणार की घाबरवणार हे त्यांच्या अक्षरांवरून समजायचं. शनिवार-रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान येतं, ते कापून ठेवा. रद्दीवाल्याकडे जुने पेपर मिळाले तर सोन्याहून पिवळं.

पायरी ४: रविवारची चाल

महिन्यातून एक रविवार. आदल्या रात्री मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून ठेवा, नाहीतर अर्धा रविवार ठाण्याच्या फलाटावर जाईल. सकाळी आठच्या आत निघा. रविवारी फोर्ट आणि काळबादेवीतली बहुतेक दुकानं बंद असतात आणि तेच आपल्याला हवं आहे: समोर हातगाड्या नाहीत, लटकवलेला माल नाही, पाट्या पूर्ण दिसतात. कागद-रंग घ्यायचे असतील तर ते शनिवारी उरका. मुलींनो, या भागातल्या गल्ल्या रविवारी सकाळी फारच सुनसान असतात, दोघी मिळून जा.

सीएसएमटीला उतरा. इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली, वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. फोटो सगळे घुमटाचा काढतात. तुम्ही फाटकाच्या दोन खांबांपाशी जा. एकावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ: एक ब्रिटनचा, एक इथला. मग भिंतींवरची पानं, मोर, माकडं बघत चला. त्या नक्षीकामाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. जे. जे.ची स्थापना १८५७ची, म्हणजे आपल्यासारखीच शिकाऊ पोरं. एखादा मोर जरा बेंगरूळ झालाय असं मला नेहमी वाटतं आणि त्याने फार धीर येतो.

तिथून दहा मिनिटांवर महात्मा फुले मंडई, जुनं क्रॉफर्ड मार्केट, १८६९चं. आत शिरायची घाई नको. प्रवेशद्वारावर मान वर करा. तिथे दगडात शेतकरी आहेत, कापणीचं काम चाललेलं आहे. ही शिल्पं लॉकवुड किपलिंगची. तो समोरच्याच जे. जे.मध्ये शिकवायचा. इथे बसून एक माणूस काढा, फक्त बाह्यरेषा. दहा मिनिटं.

आता परत फिरा आणि फोर्टमध्ये महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत गाठा. पंचवीस मिनिटांची चाल. ही १९३६ची. दर्शनी भागावर कष्टकरी माणसांची शिल्पं आहेत, एन. जी. पानसऱ्यांनी घडवलेली. इथलाही एक माणूस काढा, वहीच्या समोरच्या पानावर.

दोन्ही पानं शेजारी ठेवा. पट्टी इथे कामाला येते: डोक्याची उंची मोजा, खांद्याची रुंदी मोजा, एकाला दुसऱ्याने भागा. मधल्या ६७ वर्षांत कष्ट करणारा माणूस दगडात किती रुंद झाला ते आकड्यात समोर येतं. मंडईतला माणूस गोष्ट सांगतो आहे, त्याच्या धोतराला चुण्या आहेत, आजूबाजूला माणसं आहेत. न्यू इंडियावरचा इमारतीचाच एक खांब झाला आहे. कपड्यांच्या चुण्यासुद्धा सरळ रेषा झाल्या. आर्ट डेको, म्हणजे ही त्या काळची सरळ, भौमितिक रेषांची शैली, काय आहे हे मला चार व्याख्यानांत जेवढं कळलं नव्हतं तेवढं या दोन पानांत कळलं.

पाय दुखले असतील तर सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या बाजूला जाणारी वातानुकूलित दुमजली बस घ्या. जुन्या लाल डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या, ही नवी बॅटरीवरची. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळेपर्यंत एक-दोन बस सोडा, लाज वाटून घेऊ नका. खालून चालताना इमारतींचे पहिले-दुसरे मजले कधी नीट दिसत नाहीत. इथून ते डोळ्यांसमोरून सरकतात. ओव्हलला उतरा: मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट-विद्यापीठाची गॉथिक रांग, दुसऱ्या बाजूला डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. डेको इमारतींवर खिडक्यांच्या वर भुवयांसारखे छज्जे असतात, ऊन आणि तिरका पाऊस अडवायला. नावंही बघा, सिमेंटमध्ये उठावाची.

इतकं लांब जायचं नसेल तर शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंग्याची पाच गार्डनं. डेको इथेही आहे, साधा, मध्यमवर्गीय, वाळत घातलेल्या कपड्यांसह. आणि इथे काही इमारतींची नावं देवनागरीत आहेत. हिंदू कॉलनीत एका फाटकावर लोखंडी पट्टी वाकवून केलेला एक ळ आहे. शिरोरेषा म्हणजे फाटकाचा आडवा गजच. गल्ली सांगत नाही, शोधा. तेवढं काम तुमचं.

पायरी ५: एखाद्या प्रेसशी ओळख काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. नवी मुलं फाइल मेल करतात आणि छापून आलेल्या मालावर चिडतात. लोअर परळ, वडाळा, गोरेगावच्या इंडस्ट्रियल इस्टेटींमध्ये ऑफसेटवाले आहेत. लग्नपत्रिकांचं जग बघायचं तर गिरगावात खाडिलकर रोडला जा. स्टुडिओचं काम ज्या प्रेसला जातं तिथे "मी प्लेट लावताना बघायला येऊ का?" म्हणून विचारा. बहुतेक हो म्हणतात. जाताना मशीनवाल्या काकांसाठी वडापाव न्या, आणि मशीन चालू असताना बोलू नका.

माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. पहिल्या वर्षी एका ओळखीच्या काकांच्या वास्तुशांतीची पत्रिका केली. पाचशे प्रती. फाइल पाठवली, पण अक्षरं कर्व्ह केली नाहीत, म्हणजे फाँटशिवायही दिसतील अशा नुसत्या आकारांत बदलली नाहीत. प्रेसमध्ये कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि त्यात माझा फाँट नाही. 'दुसऱ्या मजल्यावर'मधला ऱ्य फुटला, वेलांट्या एक घर पुढे सरकल्या, आणि प्रूफ बघायला मी गेलो नाही कारण त्या दिवशी पाऊस होता. काका काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र एक पत्रिका फ्रीजवर चिकटवून ठेवली होती, वर्षभर. पुन्हा छापायचे पैसे माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासूनचा नियम: मराठी मजकूर असेल तर कर्व्ह करून पीडीएफ, आणि प्रत्येक ऱ्य, र्‍हस्व-दीर्घ, रफार आणि ळ बोट ठेवून वाचायचा. शक्यतो दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचा.

प्रेसमध्ये गेलात की भाषा शिका. तिथे ए-फोर कमी आणि इंचात जास्त बोलतात: अठरा-तेवीस, वीस-तीस, तेवीस-छत्तीस. डेमी, क्राउन ही मापांची नावं. कागद मॅपलिथो (साधा) की आर्ट (गुळगुळीत लेपाचा), किती जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), ग्रेन, म्हणजे कागदातले तंतू, कुठल्या दिशेने. ग्रेनचं तर हातानेच बघा: कागद दोन दिशांनी हलकेच वाकवा, एका दिशेने तो मुकाट वाकतो, दुसरीकडे हट्ट करतो. हट्टाच्या दिशेने घडी घातलीत की जाड कागद चिरतो. कटिंगवाल्याच्या टेबलाखाली कापलेल्या पट्ट्यांचा ढीग असतो, विचारून मूठभर घ्या. माझी वही-जाडीची कागदाची नमुनापुस्तिका अशीच फुकटात झाली आहे.

पायरी ६: फुकट किंवा जवळपास फुकट

जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२पासून, तिकीट नाही. चित्र कळलं नाही तरी चालतं. फ्रेम भिंतीपासून किती वर, लेबल कुठे, उजेड कसा, हे बघा. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला दालन, सोमवारी बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२चं आहे, जाण्याआधी उघडं आहे का ते पाहून घ्या. तिथल्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींसमोर माझा एक अख्खा रविवार गेला. काळा घोडा महोत्सव थंडीत असतो. गर्दी असह्य, तरी एका संध्याकाळी जाऊन येण्यासारखा. जुनी पुस्तकं किंग्ज सर्कलला आणि फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर. दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असलेला जुना दिवाळी अंक दिसला तर घासाघीस करू नका, घ्या.

चोरबाजार, मटण स्ट्रीट. शुक्रवारी दुकानं बंद आणि पहाटेपासून रस्त्यावर जुना बाजार. मी दोनदा गेलो, एकदा एक पितळी ठसा मिळाला, एकदा पाकीट मारलं गेलं.

घरबसल्या फुकट म्हणजे फाँट. विंडोजमधला मंगल र. कृ. जोशींनी घडवला, त्यांनी आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात पिढ्या शिकवल्या. एक टाइप या मुंबईतल्या मंडळींचे मुक्त, बालू, मोदक हे फाँट गूगल फाँट्सवर मोफत आहेत. मोदक मोठा करून उघडा आणि त्यातला ळ बघा. इतक्या जाड अक्षरात दोन पोटांना श्वास घ्यायला जागा कुठून काढली असेल, याचा विचार करत मी एकदा कुर्ल्यापर्यंत उभा होतो.

खाण्याचं थोडक्यात: पगाराच्या दिवशी दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. महिनाअखेरीला कुठल्याही इराण्याकडे ब्रून-मस्का नि चहा. तिथल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या उलट्या करून बघू देतात का, गर्दी नसेल तर विचारा. मला एकदा बघू दिली.

पायरी ७: जमवलेलं कुणाला तरी दाखवा

दोन महिने झाले की थांबा. वहीतून चांगले सात-आठ निवडा, मोठ्या कागदावर नीट काढा, आणि ज्याला त्यातलं कळतं अशा माणसाला दाखवा. ऑनलाइन टाकून मिळणारे बदाम मोजू नका, ते सगळ्यालाच मिळतात.

मी माझे ळ डोंबिवलीतल्या एका पेंटरकडे नेले. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे पाट्यांचं काम फारसं येत नाही; गाड्यांचे नंबर, शाळांचे फळे, निवडणुकीत भिंती. त्यांनी माझी आठ पानं उलटीसुलटी करून पाहिली. मग ब्रश घेतला, पत्र्यावर शिरोरेषा ओढली, तिच्यापासून एक लहानसा देठ खाली आणला, डावं पोट, न थांबता उजवं पोट. डावं जरासं लहान. मी विचारलं, लहान का? "पुढचं अक्षर उजवीकडं येणार ना," ते म्हणाले, "तिकडं वजन पाहिजे." माझ्या आठही ळमध्ये डावं पोट मोठं होतं.

ते पत्र्यावरचं ओलं अक्षर त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसून टाकलं आणि म्हणाले, "आता ख घेऊन ये. ख सगळ्यांचा रव होतो."

डोंबिवली ते दादर एकाही स्टेशनाच्या नावात ख नाही, मी मोजलं. येत्या रविवारी दादरला गाडी बदलून खारला उतरणार आहे. माझा पास पश्चिम रेल्वेवर चालत नाही, तिकीट काढावं लागेल.